कर्करोगातील औषधप्रतिरोध व वनस्पतिजन्य संयुगे

औषधोपचाराने प्रारंभी हटलेला कर्करोग काही काळाने पुन्हा उद्‌भवतो आणि तेच औषध पुन्हा दिले, तरी त्याला दाद देत नाही, असा अनुभव रासायनी चिकित्सेच्या (रासायनिक औषधांनी करावयाच्या उपचारांच्या) आरंभापासून येत आला आहे. कर्क कोशिकांच्या (पेशींच्या) अंगी असलेल्या औषधाला तोंड देऊन वाढत राहण्याच्या या क्षमतेला औषधप्रतिरोध म्हणतात. काही अर्बुदांत (गाठींत) तो उपजत असतो, तर काहींत उपचारांच्या ओघात निर्माण होतो. प्रगत अवस्थेतील कर्करोगात औषधे निष्फळ ठरण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. वनस्पतींपासून मिळणाऱ्या संयुगांचे या प्रश्नाच्या इतिहासातील स्थान दुहेरी आहे. प्रतिरोधाला बळी पडणारी बरीचशी महत्त्वाची औषधे वनस्पतिजन्य आहेत आणि प्रतिरोधावर मात करण्याची साधनेही पुष्कळदा वनस्पतींतच शोधली गेली आहेत. या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध रसायनशास्त्र, वनसंपत्ती, रुग्णचिकित्सा व औषधनिर्मिती अशा चार अंगांनी येतो. त्यांपैकी औषधनिर्मितीचे एक केंद्र पालघर जिल्ह्यातील बोईसर–तारापूर हे होय. [→ कर्करोग].

प्रतिरोधाचे स्वरूप : कर्क कोशिका अनेक मार्गांनी औषध निष्प्रभ करतात. औषध कोशिकेत शिरताच ते बाहेर फेकणे, औषधाचे लक्ष्य असलेल्या प्रथिनाची रचना उत्परिवर्तनाने बदलणे, एंझाइमांच्या साहाय्याने औषधाचे विघटन करणे, औषधाने केलेली डीएनएची हानी तत्परतेने भरून काढणे आणि हानी होऊनही कोशिकामृत्यूची प्रक्रिया सुरू होऊ न देणे, हे त्यांपैकी प्रमुख मार्ग होत. अर्बुदातील कोट्यवधी कोशिका परस्परांहून थोड्याफार भिन्न असतात. औषधाने संवेदनशील कोशिका मरतात, परंतु आधीपासूनच प्रतिरोधक असलेल्या थोड्या कोशिका उरतात व वाढून पुन्हा अर्बुद निर्माण करतात. म्हणजे औषध हेच प्रतिरोधक कोशिकांची निवड करणारे साधन ठरते.

अमेरिकन वैद्य सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ॲमिनॉप्टेरीन या औषधाने रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांमध्ये रोगशमन घडवून आणले, परंतु ते अल्पकाळच टिकले. एका औषधाला प्रतिरोधक असलेली कोशिका निराळ्या तऱ्हेने कार्य करणाऱ्या दुसऱ्या औषधाने मरेल, या विचारातून १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत चार औषधांचा एकत्र प्रयोग सुरू झाला. त्या चारांपैकी व्हिंक्रिस्टीन हे वनस्पतिजन्य होते. प्रतिरोधावरील पहिल्या यशस्वी उपायातच अशा रीतीने वनस्पतीचा वाटा होता.

वनस्पतिजन्य औषधांचा उदय : सदाफुली (लॅ. कॅथरँथस रोझियस, कुल-ॲपोसायनेसी) ही मूळची मादागास्करची वनस्पती महाराष्ट्रात घरोघरीच्या अंगणांत आढळते. मधुमेहावरील लोकौषधी म्हणून तिची ख्याती असल्यामुळे कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी तिच्या पानांची तपासणी केली. रक्तातील साखरेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, पण प्रायोगिक प्राण्यांच्या श्वेत कोशिका झपाट्याने घटल्या. या अनपेक्षित निरीक्षणावरून १९५८ मध्ये व्हिंब्लास्टीन हे अल्कलॉइड हाती आले. त्याचे जवळचे संयुग व्हिंक्रिस्टीन हे १९६३ मध्ये अमेरिकेत उपचारांसाठी मान्य झाले. ही द्रव्ये पानांत अत्यल्प असतात. एक ग्रॅम द्रव्यासाठी शेकडो किलोग्रॅम वाळलेली पाने लागतात.

याच सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर तपासणी हाती घेतली. तिच्यातून निघालेल्या दोन अत्यंत महत्त्वाच्या संयुगांच्या शोधात एका महाराष्ट्रीय भूमिपुत्राचा वाटा आहे. मनसुख वाणी (१९२५–२०२०) यांचा जन्म नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठाची एम्.एस्‌सी. ही पदवी १९५० मध्ये मिळविल्यावर ते पुढे अमेरिकेस गेले व १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल (१९१६–२००२) यांच्यासमवेत संशोधन करू लागले. या दोघांच्या गटाने १९६६ मध्ये कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षापासून मिळविलेल्या कॅम्प्टोथेसिनाची संरचना प्रसिद्ध केली आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलाची (पॅक्लिटॅक्सेलाची).

दोन्ही संयुगांना औषध म्हणून मान्यता मिळण्यास दीर्घ काळ लागला. कॅम्प्टोथेसिनाच्या पहिल्या चाचण्या विषारी परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबल्या. ते टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमाला अडवून डीएनएची हानी करते, हे १९८५ मध्ये उलगडल्यावर त्याविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. त्याचे आयरिनोटेकान हे रूपांतर जपानमध्ये १९९४ च्या व अमेरिकेत १९९६ च्या सुमारास वापरात आले. टोपोटेकानही १९९६ मध्ये मान्य झाले. टॅक्सॉल सूक्ष्मनलिकांना (कोशिकाविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या प्रथिन-तंतूंना) घट्ट बांधून विभाजन रोखते, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखविले. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये बीजांडकोशाच्या (अंडाशयाच्या) कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

गोरेगाव व नरक्या : कॅम्प्टोथेसिनाचा शोध चिनी वृक्षात लागला, तरी त्याचा अधिक संपन्न साठा सह्याद्रीत आहे, हे लवकरच आढळून आले. मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर्. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन् यांनी १९७२ मध्ये मॅपिया फीटिडा या झाडात कॅम्प्टोथेसीन व त्याचे एक मिथॉक्सी-अनुजात (त्यापासून रासायनिक दृष्ट्या निघणारे संयुग) असल्याचे दाखविले. हे झाड आता नोथापोडायटिस निम्मोनियाना या नावाने ओळखले जाते. मराठीत त्याला नरक्या, अमृता व कलगूर अशी नावे आहेत. त्याचा उग्र, अप्रिय वास ‘फीटिडा’ या जुन्या नावात उतरला आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिनाचे प्रमाण चिनी वृक्षातल्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. त्यामुळे औषधोद्योगाकडून त्याला मागणी आली आणि सह्याद्रीच्या अनेक भागांत त्याची बेसुमार तोड झाली.

प्रतिरोधाच्या पंपाचा शोध : एका औषधाला सरावलेल्या कोशिका त्याच्याशी संरचनेने मुळीच न मिळणाऱ्या इतर औषधांनाही दाद देत नाहीत, हे जून बीडलर व हान्सयॉर्ग रीम यांनी १९७० मध्ये दाखविले. डेन्मार्कमधील केल्ड डानो यांनी १९७३ मध्ये अशा कोशिका ऊर्जा खर्चून औषध बाहेर टाकतात, असे सिद्ध केले. हे कार्य करणाऱ्या प्रथिनाचा शोध टोराँटो येथे रुडॉल्फ जुलियानो व व्हिक्टर लिंग यांनी १९७६ मध्ये लावला. त्यांनी वापरलेल्या प्रतिरोधक कोशिका कॉल्चिसीन या विषाला सरावलेल्या होत्या. हे विषही वनस्पतिजन्य असून कोकणात पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या कळलावीच्या (लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा) कंदातही ते असते. या प्रथिनाला पी-ग्लायकोप्रथिन असे नाव मिळाले. त्याचा रेणुभार सु. १,७०,००० असून ते कोशिकापटलात पंपासारखे कार्य करते. व्हिंक्रिस्टीन, व्हिंब्लास्टीन, पॅक्लिटॅक्सेल व एटोपोसाइड ही वनस्पतींशी नाते सांगणारी औषधे ते बाहेर फेकते. याच कुलातील आणखी एक पंप १९९२ मध्ये व तिसरा १९९८ मध्ये सापडला. हा तिसरा टोपोटेकान बाहेर टाकतो.

हा पंप कर्क कोशिकांपुरता मर्यादित नाही. आतडे, यकृत, मूत्रपिंड व मेंदूतील रक्तवाहिन्या यांतही तो असतो आणि आहारातून येणारी वनस्पतींची विषे शरीराबाहेर ठेवण्याचे कार्य करतो. वनस्पतींपासून बनविलेली औषधे त्याला इतकी सहज सापडतात, याचे एक कारण यात दिसते.

रोधकांचे प्रयोग : पंप बंद केला, तर जुने औषध पुन्हा प्रभावी होईल, ही कल्पना स्वाभाविक होती. जपानमधील ताकाशी त्सुरुओ यांनी १९८१ मध्ये हृदयविकारावरील व्हेरापामिलाने उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगातील व्हिंक्रिस्टीन-प्रतिरोध घटतो, असे दाखविले. मात्र माणसात त्यासाठी लागणारी मात्रा हृदयाला घातक होती. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन हे हिवतापावरील औषधही पंपरोधक आहे. फ्रान्समध्ये तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांना ते इतर औषधांसह देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. पंप सक्रिय असलेल्या काही रुग्णांत रोगशमनाचे प्रमाण वाढले, पण एकूण आयुर्मानात अपेक्षित वाढ झाली नाही. टॅरिक्विडार या अधिक प्रबळ संश्लेषित रोधकाच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील चाचण्या २००३ मध्ये थांबवाव्या लागल्या. या अपयशाची कारणे पंपाच्या व्याप्तीतच आहेत. तो सर्वत्र बंद केल्यास औषध शरीराबाहेर जाण्यास विलंब लागतो व निरोगी ऊतकांना इजा होते. शिवाय एक पंप बंद झाला, तरी प्रतिरोधाचे इतर मार्ग खुलेच राहतात.

हळद व मिरी : हळदीतील कुर्कुमीन हे पिवळे द्रव्य फोगेल व पेल्त्ये यांनी १८१५ मध्ये वेगळे केले आणि त्याची संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. चिआंग माई विद्यापीठातील (थायलंड) पोर्नगार्म लिमट्राकुल व अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे सुरेश अंबुडकर यांच्या गटाने २००२ मध्ये प्रयोगशाळेतील प्रतिरोधक कोशिकांत कुर्कुमिनामुळे पी-ग्लायकोप्रथिन घटते, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या कोशिकांवर व उंदरांवर प्रयोग केले. त्यांत कुर्कुमिनामुळे काही कर्करोगविरोधी औषधांची कोशिका मारण्याची क्षमता उलट कमी झाल्याचे आढळले. एकच द्रव्य एका परिस्थितीत साहाय्यक व दुसरीत बाधक ठरू शकते, हे या दोन निष्कर्षांवरून स्पष्ट होते. शिवाय पोटात घेतलेल्या कुर्कुमिनाचा फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो. परीक्षानळीत प्रभावी ठरलेली त्याची संहती (द्रावातील प्रमाण) त्यामुळे शरीरात गाठता येत नाही.

काळी मिरी व पिंपळी यांतील पायपेरीन या अल्कलॉइडामुळे कुर्कुमिनाचे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगलोर येथील १९९८ च्या प्रयोगात दिसून आले. पायपेरीन पी-ग्लायकोप्रथिनाला व यकृतातील औषध-विघटक एंझाइमालाही अडविते, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. या गुणाचा प्रत्यक्ष उपयोग भारतात क्षयरोगाच्या औषधात झाला. जम्मू येथील शासकीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून तयार झालेल्या व २००९ मध्ये बाजारात आलेल्या मिश्रणात पायपेरिनाच्या साहाय्याने रिफाम्पिसिनाची मात्रा ४५० वरून २०० मिग्रॅ. पर्यंत उतरविण्यात आली. कर्करोगावरील औषधांच्या बाबतीत मात्र हाच गुण धोक्याचा ठरू शकतो. उपकारक व घातक मात्रांमधील अंतर तेथे फार थोडे असते. व्हिंक्रिस्टिनाची प्रौढांना एका वेळी द्यावयाची मात्रा सामान्यतः २ मिग्रॅ. च्या वर नेत नाहीत. एंझाइम अडल्यामुळे अशा औषधाचे रक्तातील प्रमाण वाढल्यास चेतांना (मज्जातंतूंना) इजा होऊ शकते. स्वयंपाकातील हळद-मिरीला हे लागू नाही. परंतु त्यांच्या अर्कांच्या गोळ्या उपचार चालू असताना वैद्याला न सांगता घेणे अनिष्ट होय.

रेणूत बदल : पंप अडविण्याचे प्रयत्न फसत असताना रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. वनस्पतीने दिलेल्या रेणूतच असा बदल करावयाचा की, पंपाला तो सहज पकडता येऊ नये. यू वृक्षाची साल काढल्यास वृक्ष मरतो. परंतु यूरोपीय यूच्या पुन्हा फुटणाऱ्या पानांतील एका पूर्वगामी द्रव्यापासून टॅक्सॉलवर्गीय औषधे बनविण्याची पद्धती फ्रान्समध्ये प्येर पोत्ये यांच्या गटाने विकसित केली. तिच्यातून डोसिटॅक्सेल व पुढे काबाझिटॅक्सेल ही औषधे मिळाली. काबाझिटॅक्सेल पी-ग्लायकोप्रथिनाला फारसे सापडत नाही. डोसिटॅक्सेलानंतरही बळावलेल्या पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या ७५५ रुग्णांवरील चाचणीत तुलनेच्या औषधाने मध्यक आयुर्मान १२·७ महिने, तर काबाझिटॅक्सेलाने १५·१ महिने भरले. या आधारावर २०१० मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. लाभ अडीच महिन्यांहून कमी आहे. परंतु ज्या रुग्णांच्या आयुर्मानात वाढ करील असे औषध तोवर नव्हते, त्यांच्या बाबतीत तो सिद्ध झाला, हे त्याचे महत्त्व होय.

दुसरे उदाहरण सेफॅलोटॅक्सस प्रजातीतील होमोहॅरिंगटोनिनाचे. दीर्घकालिक रक्तकर्करोगावर (क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमियावर) २००१ पासून इमॅटिनीब हे औषध अत्यंत गुणकारी ठरले. पण त्याच्या लक्ष्य-प्रथिनातील एकाच ॲमिनो अम्लाच्या बदलाने काही रुग्णांत प्रतिरोध उत्पन्न होतो. होमोहॅरिंगटोनीन त्या प्रथिनाला चिकटतच नाही. ते कोशिकेतील प्रथिननिर्मितीच रोखते. म्हणून त्याच्या अर्धसंश्लेषित रूपाला २०१२ मध्ये अमेरिकेत अशा दोन किंवा अधिक औषधांना दाद न देणाऱ्या वा ती सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

तिसरा मार्ग वनस्पतिजन्य विष प्रतिपिंडाला (विशिष्ट लक्ष्याला चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडून थेट कर्क कोशिकेत पोहोचविण्याचा आहे. २०१९ मध्ये मान्य झालेले ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान व २०२० मधील सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान या दोन्हींत कॅम्प्टोथेसिनाशी संबंधित रेणू आहे. स्तनाच्या कर्करोगात आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी त्यांचा वापर सुरू झाला. वॉल व वाणी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला रेणू अशा रीतीने अर्धशतकानंतर प्रतिरोधावरील उपाय म्हणून पुन्हा पुढे आला.

मुंबईतील कार्य : परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले व वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे त्याचे पहिले संचालक होत. दोन्ही संस्था १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आल्या आणि १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र म्हणून एकत्र झाल्या. संशोधन संस्था पुढे २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे गेली. या केंद्राच्या चिकित्सकांनी सिस्प्लॅटीन सहन होऊ न शकणाऱ्या डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचारासह डोसिटॅक्सेल देऊन पाहिले. ३५६ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण केवळ किरणोपचाराने ४१·७ टक्के, तर डोसिटॅक्सेलाच्या जोडीने ५०·८ टक्के होते. हा प्रश्न औषधप्रतिरोधाचा नव्हे. तथापि वनस्पतिजन्य द्रव्याचा लाभ कसा मोजावा, याचा हा महाराष्ट्रातील चांगला नमुना होय.

पालघर व बोईसर–तारापूर : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक असून त्याच्या परिसरात तारापूर औद्योगिक वसाहत आहे. जवळच अणुऊर्जा विभागाचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे. औद्योगिक वसाहतीतील रसायन व औषधद्रव्यांच्या अनेक कारखान्यांबरोबर कर्करोगावरील अंतःक्षेपणांची (इंजेक्शनांची) निर्मितीही येथे होते. सदाफुली वा यू यांची पाने येथे गोळा होत नाहीत; वनस्पतीपासून इतरत्र काढलेले व शुद्ध केलेले द्रव्य निर्जंतुक विद्रावाच्या रूपात कुपीत भरणे, हे अशा कारखान्यांतील काम होय. द्रव्य कोशिकाविष असल्याने कामगाराला त्याचा स्पर्श वा श्वासावाटे संसर्ग होऊ न देणे आणि त्याच वेळी औषधात जंतू शिरू न देणे, अशी दुहेरी काळजी त्यात घ्यावी लागते.

या टप्प्याचा प्रतिरोधाशी जवळचा संबंध आहे. कुपीत औषध नेमक्या मात्रेपेक्षा कमी असेल, तर अर्बुद हटत नाही व त्यातील प्रतिरोधक कोशिकांना वाढण्यास अवसर मिळतो. बाहेरून पाहता रोग औषधाला दाद देत नाही, असेच दिसते. प्रत्यक्षात दोष औषधाच्या प्रतीत असू शकतो. म्हणून गुणवत्तानियंत्रण हाही प्रतिरोध टाळण्याचा एक उपाय ठरतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णांना विशेषोपचारांसाठी मुंबईचा लांबचा प्रवास करावा लागत आला आहे. प्रवास व मजुरीचे नुकसान यांमुळे उपचारांच्या फेऱ्या चुकल्यास औषधाचा मारा विस्कळित होतो आणि उरलेल्या कोशिकांना सावरण्यास वेळ मिळतो. औषध ज्या जिल्ह्यात कुपीत भरले जाते, त्याच जिल्ह्यातील रुग्णाला ते वेळेवर मिळणे, हा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच आरोग्यव्यवस्थेचाही आहे.

मूल्यमापन : गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवावरून काही गोष्टी निश्चित झाल्या आहेत. प्रतिरोधक कोशिकेचा पंप बाहेरून बंद करण्याचे प्रयत्न बहुतांशी असफल झाले. वनस्पतीचा रेणू सुधारून किंवा त्याला योग्य वाहक देऊन पंप व इतर अडथळे टाळण्याचे प्रयत्न मर्यादित, पण खरे यश देऊन गेले. प्रयोगशाळेत प्रतिरोध घटविणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांची संख्या मोठी आहे. रुग्णाचे आयुष्य वाढविल्याचे सिद्ध झालेली फार थोडी. हळदीसारखे परिचित द्रव्य गुणकारी मानून सिद्ध उपचार सोडणे किंवा लांबणीवर टाकणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

कच्च्या मालाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नरक्याच्या खोडात व मुळात कॅम्प्टोथेसीन अधिक असल्याने झाड समूळ तोडले जाते. यूच्या बाबतीत पानांकडे वळल्याने वृक्ष वाचला, तसा पर्याय येथेही शोधला जात आहे. नरक्याच्या ऊतकांत राहणारी एक बुरशी स्वतः कॅम्प्टोथेसीन बनविते, असे जम्मू येथील संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. अशा बुरशीपासून वा कोशिका-संवर्धनाने पुरेसे उत्पादन मिळेपर्यंत लागवड करणे व नैसर्गिक वनांतील तोड आवरणे, हेच मार्ग उरतात. नव्या औषधांतील रेणूंचे मूळ अजूनही अशाच झाडांत आहे. ती नाहीशी झाल्यास त्यांतील आजवर न तपासलेली संयुगेही नाहीशी होतील.